उजवीकडचा सोन्याचा दात

जॉर्जटाउन, पिनांग
२९ जानेवारी २०२६

अहो,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहिते. तीस वर्षं तुम्ही बोटीवरून लिहायचात आणि मी ओसरीवर बसून वाचायचे. आता मी लिहिते, तुम्ही वाचा. आपली शमिका या कागदाचा फोटो काढून आरोहीच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवेल, आरोही छापून पाकिटात घालेल आणि पाकिटावर तुमचं नावही तीच घालेल. मी तुमचं नाव कधी घेतलं नाही, मग लिहू कशी? रावजी गुरवांची पोर ती, म्हणाली, "काकू, मी वाचणार नाही हां." वाचणारच. वाचू दे. वाडीला कळायचं ते मी बॅग उचलली त्याच दिवशी कळलंय.

त्या दिवशी तुम्ही ओसरीवरून जे बोललात ते मी गाठीला बांधून आणलंय. "दातांसाठी समुद्र ओलांडतेस? रत्नागिरीतले दातांचे डॉक्टर मेले काय? गेलीस तर परत या उंबऱ्यावर पाय ठेवू नको. आणि त्या पोरीला घेऊन तर नकोच नको." बरं. आता माझं ऐका. मी दात घालून येणार, आणि येताना आपल्या लेकीला आणि जावयाला घेऊन येणार. पंचवीस फेब्रुवारीला देवीची पालखी आपल्या अंगणात बसेल, तेव्हा माहेरवाशीण म्हणून तिची ओटी शमिका भरेल. तिने इथे लग्न केल्यापासून पाच शिमगे झाले, पाचही वेळा आपल्या घरची ओटी मी एकटीने भरली आणि बायका माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. सहाव्या वेळी ते व्हायचं नाही.

आता शहराचं सांगते. तुम्ही गावभर सांगत असता ना, पिनांग म्हणजे काय, मीच बघितलंय. आता मीपण बघितलंय.

विमानतळाचं दार उघडलं आणि बाहेरची हवा अंगावर आली, ती थेट मे महिन्यात आंब्याची अढी घातलेल्या खोलीतली. मला वाटलं विमान फिरून परत आपल्याकडेच उतरलं की काय. रस्त्याच्या कडेला माड, केळी, फणस. परदेश म्हणून मी स्वेटर घेऊन आले होते, तो शमिकाने हसत हसत कपाटात टाकला. विमानतळावर एका अधिकारणीने बॅग उघडायला लावली. कुळथाचं पीठ, आमसुलं आणि खाली जुन्या साडीत गुंडाळलेली सुकट. तिने वास घेतला, मान हलवली आणि सुकट काढून घेतली. पण तोंडावर किळस नव्हती हो. दुसऱ्या दिवशी बाजारात कळलं, इथे सुकी कोलंबी कुटून तिच्या वड्या विकतात आणि त्याचा वास आपल्या सुकटीच्या वरताण आहे.

घरं एकाला एक लागून, खाली दुकान, वर माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे एकच लांब ओसरी. याच्या ओसरीतून त्याच्या ओसरीत सरळ चालत जायचं, ऊन नाही, पाऊस नाही, कोण कुठला म्हणून कोणी विचारत नाही. चिन्यांच्या दाराशी उदबत्त्या, पुढच्या दाराशी तमिळ बाई रांगोळी काढतेय, त्याच्या पलीकडे मशीद. मासळीबाजारात बांगडे बघून मला इतकं बरं वाटलं की कोळणीशी मराठीत भाव केला. तिने तिच्या भाषेत केला. दोघींनाही कळलं.

तुमची त्र्याण्णव सालची पत्रं मी बरोबर आणलीत. डोंगरावर आगगाडी चढते लिहिलं होतंत, ते खरं. देवळात साप मोकळे फिरतात लिहिलं होतंत, तेही खरं. पण ते फिरत नाहीत, झोपलेले असतात. तुम्ही एक गळ्यात घातला होतात म्हणे. तिथला माणूस म्हणाला, "आजी, विषारी आहेत, हात नका लावू." घरी आले की यावर बोलू. आणि शेवटी लिहिलं होतंत, "इथल्या बायका सोन्याचे दात लावतात. पुढच्या खेपेला तुझ्यासाठी एक आणीन." पुढच्या खेपा अकरा झाल्या.

दातांचं म्हणाल तर शमिका जिथे नोकरी करते तोच दवाखाना. परदेशातून दातांसाठी येणाऱ्या माणसांशी बोलायचं, त्यांना धीर द्यायचा, हे तिचं काम. डॉक्टरीण लिम म्हणून आहे, दिसते कॉलेजातली. तिने माझी जुनी कवळी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि शमिकाला काहीतरी विचारलं. शमिका म्हणाली, "आई, ही विचारतेय ही कवळी तुझीच ना?" माझीच, पण माझ्या तोंडाची कधी झाली नाही. सहा वर्षं ती फडताळातल्या बरणीत जास्त आणि तोंडात कमी.

मग विचारलं, दात कशाने गेले. मी सांगितलं, मशेरीने. अठराव्या वर्षी तुमच्या घरात आले. पुरुषांची पंगत उठेपर्यंत, मग सासूबाईंचं होईपर्यंत, तीन वाजायचे. एकदा मला घेरी आली तर सासूबाईंनी तळहातावर मशेरी ठेवली. "लाव दातांना, भूक मरते." त्यांचंही तसंच चाललं होतं, त्यांना दोष देत नाही. भूक मेली, चाळीस वर्षांत दातही मेले. तुम्ही अडुसष्टाव्या वर्षी दातांनी सुपारी फोडून दाखवता आणि चारचौघांत म्हणता, "माझे बत्तीसच्या बत्तीस, हिचं बघा." हे मी लिमला नाही सांगितलं. शमिकाने सांगितलं.

खाली उरलेले सहा काल काढले. तोंड सुजलंय, पण लिहायला तोंड लागत नाही.

मालन


२ फेब्रुवारी २०२६

अहो,

उत्तर नाही. आरोही म्हणते पाकीट तुम्ही घेतलंत आणि खिशात घातलंत. चुलीत नाही घातलंत, एवढं पुरे.

जावयाचं सांगायचं राहिलं. त्याचं नाव कुमरन. तुम्ही त्याला "तो कोण तो" म्हणता, म्हणून सांगितलं. शाळेत गणित शिकवतो. रंगाने तुमच्यापेक्षा उजळ नाही आणि काळाही नाही, आरशात बघा. मी आले त्या दिवशी पाया पडला आणि माझी बॅग उचलली. नंतर शमिकाला म्हणाला, आई काय खाऊ शकतात ते मला आधी सांग. पेज, असं ती म्हणाली. रोज सकाळी पेज तोच करतो. मीठ कमी घालतो, शिकेल.

काल इथे मुरुगनच्या रथाचा मोठा दिवस होता. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकेय. पहाटेपासून रस्ता माणसांनी भरलेला, चांदीचा रथ येणार म्हणून. आणि रस्त्यावर नारळ. किती म्हणून सांगू? ढीग नाही, डोंगर. ट्रकमधून ओतलेले. रथ जवळ आला की माणसं दोन्ही हातांनी नारळ उचलून रस्त्यावर आपटतात. चिनी माणसंपण. पाणी घोट्यापर्यंत. माझा जीव नुसता वरखाली, एवढं खोबरं, कोणी वड्या करणार नाही, कोणी तेल काढणार नाही. मी दोन शकलं उचलून पिशवीत टाकली तेवढ्यात कुमरनच्या आईने बघितलं. मला वाटलं आता लाज गेली. ती वाकली आणि तिनेही दोन टाकली.

त्यांच्या घराशी रथ थांबतो. घरच्या बाईने ताट द्यायचं, केळी, फुलं, विड्याची पानं, नारळ. कुमरनची आई ताट घेऊन पुढे झाली आणि मध्येच थांबली. माझा हात धरला आणि ताटाला लावला. मी मागे सरले. दात नाहीत, तोंड सुजलेलं, पदर नाकापर्यंत ओढलेला, भाषा येत नाही, जात गोत कोणी विचारलेलं नाही. ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. शमिकाने सांगितलं, "आई, त्या म्हणतात, तू लेक दिलीस, ताटाला आधी हात तुझा."

मी ताट दिलं. पुजाऱ्याने माझ्या कपाळाला भस्म लावलं. आणि मग मी रस्त्यात, हजार माणसांत, रडले. तोंडावरचा पदर सोडून रडले. सहा वर्षांत तोंड झाकल्याशिवाय मी घराबाहेर पडले नव्हते, तुम्हाला ते कधी दिसलं का हो? मला परक्या गावात दिसलं.

त्या घरात मी परकी, आणि त्यांनी मला देवापुढे उभं केलं. आपल्या घरात आपलीच पोर, आणि तिला अंगण बंद. रागाने लिहीत नाही. खरं म्हणजे रागानेच लिहितेय.

मशेरीची डबी मी लपवून आणली होती. लिम म्हणाली, हिरडीवर पांढरा डाग आहे, आता नाही सोडलीस तर पुढे जबड्याचं बघावं लागेल. काल घरी आल्यावर डबी शमिकाच्या हातात दिली. आज डोकं दुखतंय, सगळ्यांवर ओरडतेय. कुमरनवरपण ओरडले, मराठीत. तो म्हणाला, बरं आई.

मालन


१४ फेब्रुवारी २०२६

अहो,

दात आले. वर खाली, पूर्ण. अजून खालचे थोडे हलतात, सहा महिन्यांनी पुन्हा बसवून घ्यायचे. पण आरशात बघितलं तर माझ्या आईसारखी दिसते मी. मला माहीत नव्हतं.

आणि वरच्या दातांत उजवीकडे, हसलं की दिसेल असा, एक सोन्याचा आहे. कुमरनच्या आईचा तसाच आहे. मी फार बघायचे तिच्या तोंडाकडे, तेव्हा शमिकाने तुमच्या त्र्याण्णव सालच्या पत्रातली ती ओळ तिला वाचून दाखवली. विहीणबाई खूप हसल्या आणि लिमला फोन केला. विहिणीचा मान म्हणून दिलाय. लिमने विचारलं, कुठल्या बाजूला हवा. मी म्हटलं, उजव्या.

का उजव्या, ते आता सांगते. दातांसाठी आले हे खरं आहे, पण अर्धं. मी तुम्हाला अर्धं सांगितलं, तुम्ही मला पाच वर्षं पूर्ण खोटं सांगितलंत.

शमिकाने लग्नाचं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, देवीला कौल लावतो, ती सांगेल तसं. सकाळी एकटेच देवळात रावजी गुरवांकडे गेलात. परत आलात, चपला काढल्यात आणि म्हणालात, "कौल डावा पडला." संपलं. देवीच्या अंगावर लावलेलं फूल डावीकडे पडलं म्हणजे नाही. मी देवापुढे काय बोलणार? माझ्या पोटच्या पोरीला मीच फोनवर सांगितलं, "बाय, देवीचा होकार नाही, आमच्याने येववणार नाही." ती म्हणाली, "आई, देवीने मला विचारलं का?" मी फोन ठेवला. ते मी केलं, ते माझं पाप, तुमच्यावर ढकलत नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी आणि गोदा विहिरीवर होतो. गोदा म्हणजे रावजी गुरवांची बायको, ती खोटं बोलायची नाही, तिला जमतच नाही. पालखीच्या वेळचा विषय निघाला. मी म्हटलं, माझ्या शमिकेचं नशीब, देवीनेच नको म्हटलं. गोदाने कळशी खाली ठेवली. म्हणाली, "मालन, आता माझ्या पोटात राहायचा नाय. कौल उजवा पडला होता गो. एकदा नाय, तीनदा. तुझ्या माणसाने तीनदा लावायला लावलान. तिन्ही वेळा देवीने उजवाच दिलान. मग ह्यांना म्हणालान, रावजी, कोणाला सांगू नको, मी घरी काय ते बघतो."

आरोही, तू हे वाचत असशीलच. आईला बोल लावू नको. ती पाच वर्षं नीट जेवली नव्हती.

तर त्या दिवशी मी घरी येऊन तुम्हाला नेहमीसारखी भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी दात दाखवायला रत्नागिरीला जाते म्हणून गेले आणि पासपोर्टचा अर्ज करून आले. तुम्ही विचारलंत, डॉक्टर काय म्हणाला. मी म्हटलं, वेळ लागेल.

का केलंत हो? मी इथे रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसते. मोठ्या बोटी लागतात, पोरं रेलिंगला टेकून उभी असतात, उतरायची परवानगी नसलेली. तेव्हा तुम्ही दिसता. तीस वर्षं तुम्ही लांब राहिलात, त्याचं तुम्हाला काय झालं हे तुम्ही कधी बोलला नाहीत, फक्त साप गळ्यात घातल्याचं सांगितलंत. पोर त्याच पाण्यापलीकडे कायमची जाणार म्हटल्यावर तुमचं काळीज फाटलं असणार. मग तसं म्हणायचं होतं. "शमे, जाऊ नको, मला सोसणार नाही." ती थांबली असती की नाही ठाऊक नाही, पण बापाचं प्रेम तरी घेऊन गेली असती. तुम्ही ते देवीच्या तोंडी घातलंत, आणि देवीने तर हो म्हटलं होतं.

तीनदा, अहो. तीनदा.

मालन


रत्नागिरी
२३ फेब्रुवारी २०२६

अहो,

काल आलो. स्टँडजवळच्या लॉजवर उतरलोय, तिघं. घर असताना लॉजवर राहायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली, आणि मालकाने वहीत पत्ता विचारला तेव्हा मी आपल्याच घराचा घातला.

खालच्या दातांनी एका जागी हिरडी सोलली होती. इथल्याच एका डॉक्टरकडे गेले. त्याने पाच मिनिटांत घासून नीट करून दिलं. तेव्हा रत्नागिरीतले डॉक्टर मेलेले नाहीत, तुमचं तेवढं बरोबर.

कुमरनला मांडवीला नेलं. तो काळ्या वाळूत चप्पल हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, हे आमच्यासारखंच आहे. हवा तीच, माड तेच. फक्त इथे माणसं फार विचारतात. खरंच विचारतात. भाजीवाली, रिक्षावाला, चहावाला, सगळे. "कोण हे? कुठले? काय करतात?" मी प्रत्येकाला सांगितलं, माझा जावई. दात दाखवून सांगितलं. सकाळपासून चौदा जणांना सांगितलंय, आता तोंडात बसलंय.

शमिका मात्र पिशवी मांडीवरून खाली ठेवत नाही. तिने ओटीचं सगळं पिनांगहूनच आणलंय, खण, बांगड्या, तांदूळसुद्धा. मी म्हटलं, तांदूळ आपल्या घरचे नाहीत का? ती म्हणाली, "बाबांनी दिले नाहीत तर?" एकतीस वर्षांची बाई आहे आणि हे विचारताना सात वर्षांची झाली. तिला तुमची माफी नसेल तर नसू दे, पण ते तिचे तांदूळ तुम्ही बघा एकदा.

उद्या दुपारी जयगडच्या धक्क्यावर येतो, तिथून बोटीने खाडी ओलांडून आपल्या वाडीत. आरोही सामान आणायला रत्नागिरीत आलीय, ती सकाळच्या बोटीने पुढे येतेय, हे पत्र तिच्याकडे. यावेळी पाकीट मी भरलंय. वर नाव मी लिहिलंय, श्री. भिकाजी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. गाऱ्हाणं घालायचं तर ज्याच्याबद्दल घालायचं त्याचं नाव घ्यावंच लागतं, देवीला मोघम चालत नाही.

परवा पालखी बसली की रावजी उभे राहतील आणि घरासाठी गाऱ्हाणं घालतील, सगळी वाडी "होय महाराजा" म्हणेल. त्याच्या आधी मी उभी राहणार आहे. कौल काय पडला होता ते तुम्ही सांगाल तर बसेन. नाही सांगितलंत तर मी सांगेन. बायका बोलत नाहीत पालखीपुढे, माहीत आहे मला. बायका दातही लावत नाहीत सोन्याचे.

मालन


जयगड, धक्का
२४ फेब्रुवारी, दुपार

भिकाजी,

आरोहीचा आत्ता फोन आला. म्हणाली, पत्र तुम्ही तिच्यासमोरच उभ्याने वाचलंत, दोनदा. मग चष्मा पुसलात. मग विचारलंत, "जावई मासे खातो का?" आणि ती उत्तर देईपर्यंत पिशवी घेऊन बाजाराच्या वाटेला लागलात.

मी शमिकाला सांगितलं. ती धक्क्यावरच्या बाकावर बसली आणि तोंड ओंजळीत घेऊन रडली. कुमरन तिच्यावर छत्री धरून उभा आहे. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. फार बरं वाटलं. पण मी तुम्हाला ओळखते. तुम्ही सुरमई आणाल, तळायला लावाल, जावयाला तुकडा वाढाल, सापाची गोष्ट सांगाल, आणि कौलाचं तसंच राहील. वाडी म्हणेल, भिकाजीने मोठ्या मनाने देवीचा शब्द मोडला आणि पोरीला घरात घेतलं. मोठे तुम्ही, आणि देवीने नको म्हटलेली ती. जन्मभर. ते मला नको.

मासे खातो. काटेपण नीट काढतो. आज रात्री तुम्ही उंबऱ्यावर या म्हणालात तर आम्ही आत येऊ, जेवू, अंथरुणं घालू. पण उद्या पालखीपुढे तुम्हीच बोलायचं, रावजींच्या आधी, माझ्या आधी, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चार शब्द आहेत. कौल उजवा पडला होता. त्यानंतर शमिका ओटी भरेल, त्याच्या आधी नाही.

बोट समोरून सुटलेली दिसतेय. गाड्या रांगेत लागल्यात. हा कागद मी हातातच देणार आहे, कारण तुमच्यासमोर हे सगळं म्हणायला गेले तर मला रडू येईल आणि तुम्ही जिंकाल.

माझे दात खोटे आहेत. त्याच दातांनी मी रत्नागिरीत चौदा जणांना खरं सांगितलं, उद्या वाडीला सांगेन. तुमचे बत्तीसच्या बत्तीस अजून स्वतःचे आहेत. त्यांतून एक खरं वाक्य येऊ दे.

मालन